बाबांचा गेमबॉय, सात गायब रेघा आणि टेनिसची चौथी लेव्हल

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच आहेत, पण आधी थोडं सविस्तर सांगते. नाहीतर "नवीन घ्या की काहीतरी" असा सल्ला मिळेल आणि मला तो नकोय.

१९९२ साली मामा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा आम्हाला गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, घेऊन आला. निन्टेन्डोचा पहिला मॉडेल, राखाडी, चांगला जाडजूड, पाठीत चार पेन्सिल सेल. सोबत एकच कार्ट्रिज (गेमची कॅसेट), टेनिस. मी नववीत, धाकटा भाऊ सहावीत. आठवडाभर आमची भांडणं ऐकून आईने तो फळीवर ठेवला, प्रत्येकाला रोज अर्धा तास. आणि रात्री आम्ही झोपलो की बाबा तो फळीवरून काढायचे.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. रॅकेट त्यांनी कधी हातात धरली नाही, पण टेनिसचं वेड असं की विम्बल्डनच्या पंधरवड्यात संध्याकाळी कोणी घरी आलं तर चहा मिळायचा, बोलणं नाही. १९८८ ते १९९० सलग तीन वर्षं बेकर आणि एडबर्ग फायनलला समोरासमोर आले, ते तिन्ही सामने त्यांना पाठ. तरी त्यांचा माणूस म्हणजे रमेश कृष्णन. १९८७ च्या डेव्हिस कपच्या सेमीफायनलला सिडनीत त्याने वॉली मझूरला हरवलं आणि भारत फायनलला गेला, हे बाबा आजही काल घडल्यासारखं सांगतात. "जोर नाही गं, जागा बघायची," हे त्यांचं वाक्य.

गेममध्येही ते तसेच खेळायचे. ए बटणाने साधा फटका, बीने लॉब, म्हणजे उंच टोलवलेला बॉल. आम्ही दोघं ए बडवायचो. बाबा बीवर जास्त. त्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही, म्हणून मधल्या खोलीतल्या ट्यूबखाली पाट घेऊन बसायचे आणि ट्यूब काचेत दिसू नये एवढा गेमबॉय तिरका धरायचे. आम्ही जागे होऊ नये म्हणून आवाजाची चकती जवळजवळ बंद. मी कितीदा तरी पांघरुणातून बघितलंय. उंच खुर्चीत मारिओ बसलेला असतो, तो त्यांच्या लेखी 'मिशीवाले पंच'. मारिओ कोण हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

लेव्हल चार आहेत. तीन त्यांनी जिंकल्या, चौथी कधीच नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, लिएंडर पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं त्या आठवड्यात, बाबा चौथ्या लेव्हलला ५-४ ने पुढे होते, सर्व्हिसही त्यांचीच. स्क्रीनशेजारचा लाल दिवा मंद होत गेला आणि सेल संपले. घरात दुसरे सेल नव्हते. गेम सेव्ह होत नाही. पुढे भाऊ इंजिनिअरिंगला गेला, घरात बाकीच्या गोष्टी झाल्या, गेमबॉय माळ्यावर गेला.

मागच्या महिन्यात मिरजेचं घर रिकामं करताना तो बिस्किटांच्या डब्यात सापडला. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, माझ्याकडे पुण्यात असतात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. गेमबॉय हातात दिला तर डावा अंगठा बघितल्याशिवाय फुलीच्या बटणावर गेला आणि उजवा बीवर. सेल नव्हते, तरी दोन मिनिटं तसेच धरून बसले होते.

आता अवस्था सांगते. जुने सेल आतच राहिले होते, स्प्रिंगांवर पांढरट हिरवा थर होता. तो कोरड्या फडक्याने पुसून नवे सेल घातले. लाल दिवा लागतो. पण चारदा चालू केलं तर तीनदा निन्टेन्डोच्या नावाऐवजी नुसता काळा पट्टा खाली येतो आणि सगळं तिथेच थांबतं. चौथ्यांदा गेम लागतो, तेव्हा स्क्रीनच्या डाव्या बाजूच्या सात उभ्या रेघा गायब. बॉल तिथे गेला की नाहीसाच होतो. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच "पार्ट मिळत नाहीत" म्हणून परत दिला.

तर पहिला प्रश्न, रेघा परत येतील का? की आतून उजेड असलेला नवा स्क्रीन बसवावा? दुसरा प्रश्न बाबांचा आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "चौथी लेव्हल कोणी काढली आहे का ते विचार. त्याच्या अंगावर मारायचा की लांब?"

---

सोल्डरवाला_डोंबिवली

ताई, काहीही टाकून देऊ नका. तुम्ही लिहिलेला प्रत्येक दोष दुरुस्त होतो आणि एकालाही नवीन पार्ट लागत नाही. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

काळा पट्टा: चालू होताना गेमबॉय कार्ट्रिजमधून निन्टेन्डोचा लोगो वाचतो आणि स्वतःच्या पोटातल्या लोगोशी ताडून बघतो. जुळला तरच पुढे जातो. काळा पट्टा म्हणजे कार्ट्रिजमधून त्याला काहीच वाचता येत नाही, पिना मळल्यात. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए मागा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कान कोरायच्या कापसाच्या काडीला लावून कार्ट्रिजच्या सोनेरी पट्ट्या पुसा. काडी काळी निघेल. ती पांढरी निघेपर्यंत काड्या बदला. फुंकर मारू नका. लहानपणी सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या खराबच होतात.

स्प्रिंगा: इथे आत राहिलेले सेल कुठले होते ते बघा. अल्कलाइन असतील तर गळालेला द्रव क्षारधर्मी, त्याला व्हिनेगरचा बोळा. त्या काळचे साधे झिंक-कार्बन असतील तर गळती आम्लधर्मी, तिला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. उलटं केलंत तर नुसतं घासत बसाल. नंतर आयपीएने पुसा, पूर्ण वाळू द्या, बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवा.

आता रेघा. उभ्या रेघा गेल्या हे तुमचं नशीब. आडव्या गेल्या असत्या तर काम फार अवघड होतं. काचेच्या खालच्या कडेला एक चपटी पट्टी आहे, ती काचेला उष्णतेने चिकटवलेली असते. तीस वर्षांत तो चिकटा सुटतो आणि जिथे सुटतो तिथली रेघ जाते. काच धडधाकट असते. काम एवढंच, पट्टीला परत ऊब देऊन चिकटवायचं.

मागचे सहा स्क्रू काढा, त्यातले दोन सेलच्या खणात आहेत. बहुतेक ते तीन पाकळ्यांचे असतील, त्याचा स्क्रू ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो. साधा घालून डोकं झिजवू नका. दोन्ही भाग अलगद उघडा, मधे त्यांना जोडणारी रिबन आहे, तिला हिसका बसता कामा नये. पुढच्या भागातला बोर्ड सोडवलात की काचेखाली रबराची पट्टी दिसेल. ती उचलली की खाली आपली चपटी पट्टी. सोल्डरिंग गनचं टोक स्वच्छ पुसून, तापमान कमी ठेवून, त्या पट्टीवरून डावीकडून उजवीकडे हलक्या दाबाने न थांबता न्या. थांबलात तर पट्टी वितळेल. हे काम गेमबॉय चालू ठेवूनच करतात, म्हणजे रेघ आली की डोळ्यांना दिसते.

नव्या स्क्रीनबद्दल माझं मत: आधी हे करा, मग ठरवा. आयपीएसचा (नव्या प्रकारचा) उजेडवाला स्क्रीन सुंदर दिसतो, मी स्वतः बसवून देतो. मूळ कवच न कापता बसणारे किट घेतलेत तर पुन्हा जुनं करता येतं. पण सेल लवकर संपतात. आणि टेनिसच्या बाबतीत एक फरक पडतो. जुना स्क्रीन मंद आहे, बॉल वेगात गेला की मागे शेपूट राहतं. तुमच्या वडिलांच्या हाताची वेळ त्या शेपटावर बसली आहे. नव्या स्क्रीनवर बॉल टोकदार दिसतो, शेपूट नाही. काही जुन्या खेळाडूंना ते पटकन जमतं, काहींना महिना जातो.

---

अभि_ठाणे

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर एमुलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाका, काकांना सहा इंचांच्या लख्ख स्क्रीनवर खेळू द्या. पाच मिनिटांचं काम आहे. डोळ्यांनाही बरं.

---

कृष्णाकाठची

अभि, तुमचा हेतू चांगला आहे आणि तसं करून बघितलं होतं. भाच्याने त्याच्या फोनवर लावून दिलं. बाबांचा अंगठा काचेवरून घसरत होता. फुलीच्या बटणाला मधे खळगा असतो, त्यात अंगठा बसला की तो कुठे आहे ते बघावं लागत नाही. काचेवर ते समजत नाही, मग नजर बॉलवरून काढून बोटाकडे न्यावी लागते आणि तेवढ्यात पॉइंट जातो. तीन गेम हरल्यावर त्यांनी फोन नीट पुसून भाच्याला परत दिला. "छान आहे," म्हणाले आणि पेपर उघडला.

त्यांना टेनिस खेळायला मिळावं एवढंच असतं तर टीव्हीवरही काहीतरी लावून दिलं असतं. त्यांचा सामना अर्धवट राहिलाय तो या यंत्रावर.

सोल्डरवाला दादा, तुमचे फार आभार. आतले सेल झिंक-कार्बनच होते, म्हणजे सोडा. हे काम मी स्वतः करून बघणार आहे.

---

बेसलाइन

काकांना नमस्कार सांगा. चौथी लेव्हल मी काढली आहे, दोनदा. दोन्ही वेळा तीन तास घामाघूम. मला जे उपयोगी पडलं ते लिहितो.

अंगावर नाही, लांब. त्यांना सांगा की त्यांचं जागेचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. चौथ्या लेव्हलचा प्रतिस्पर्धी जोराला दबत नाही, जोरदार बॉल तो तितक्याच जोरात परत पाठवतो. त्याला एका कोपऱ्यात ओढायचं आणि पुढचा फटका दुसऱ्या बाजूला. एका फटक्यात पॉइंट मागायचा नाही, तीन-चार फटक्यांचा हिशोब ठेवायचा.

बॉल कुठे जाणार हे बटण दाबायच्या वेळेवर बरंच ठरतं. किंचित लवकर आणि किंचित उशिरा यांत दिशा बदलते. म्हणून धावता धावता मारायचं टाळा. आधी पोचायचं, उभं राहायचं, मग मारायचं. पोचण्यासाठी बॉलकडे बघू नका, बॉलच्या सावलीकडे बघा. बॉल वर गेला की डोळा फसतो, सावली जमिनीवरच असते. मला हे कळायला वर्ष लागलं आणि त्यानंतर एका आठवड्यात तिसरी लेव्हल संपली.

लॉबबद्दल: कॉम्प्युटरविरुद्ध लॉबने पॉइंट क्वचित मिळतो, पण वेळ मिळतो. कोपऱ्यात अडकलात की बी दाबायचा आणि बॉल हवेत असेपर्यंत मधे परत यायचं. काका बहुधा हेच करत असणार. त्याला फक्त एक जोड द्या. प्रतिस्पर्धी पूर्ण एका बाजूला गेला की लॉब न करता नेटकडे धावायचं आणि त्याचा परतीचा बॉल टप्पा न पडू देता मोकळ्या बाजूला ठेवायचा. मी दोन्ही वेळा शेवटचा गेम असाच जिंकलो.

आणि आवाज चालू ठेवा. फटक्याचा आवाज आणि टप्प्याचा आवाज वेगळे आहेत. बॉल दिसेनासा झाला तरी कानाला लय कळते. काका इतकी वर्षं आवाज बंद ठेवून खेळले असतील तर आता चकती फिरवा, अर्धी लेव्हल तिथेच सोपी होईल.

---

हडसनपलीकडे

मूळचा कोल्हापूरचा, आता न्यू जर्सी. दोन गोष्टी सांगतो.

उजेडाचाच प्रश्न असेल तर गेमबॉय ॲडव्हान्स एसपी हा एक पर्याय आहे. २००३ मध्ये आला, घडीचा, चार्ज होणारा, आणि तुमची हीच जुनी कार्ट्रिज त्यात चालते. त्याचं नंतरचं, मागून उजेड देणारं मॉडेल, एजीएस-१०१, बघा. पण बटणं बारीक आणि एकमेकांजवळ आहेत. माझ्या वडिलांना संधिवात आहे, त्यांना तो धरताच येत नाही. मोठ्या हातांसाठी पहिल्या गेमबॉयसारखा दुसरा नाही, हे मी दोन्ही समोर ठेवून सांगतोय.

दुसरी गोष्ट, तो स्क्रीन रात्रीच्या ट्यूबसाठी नाहीच. त्याच्या मागे आरशासारखा थर आहे, समोरून येणारा उजेड परत फेकून तो दिसतो. घरातला दिवा त्याला पुरत नाही. त्या काळी अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर यांना आतून उजेड होता, रंगही होते, पण सहा सेल चार-पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा तो उजेड नव्हता म्हणूनच. त्याला ऊन द्या. सकाळचं कोवळं ऊन खांद्यावरून येऊ द्या आणि डावीकडची काँट्रास्टची चकती हळू फिरवा. नवीन स्क्रीन घेण्याआधी एकदा एवढं करून बघा.

भाऊ येणार असेल तर कळवा. टेनिस दोघांत खेळता येतं, पण दोन गेमबॉय, दोन कार्ट्रिज आणि केबल लागते. माझ्याकडे टेनिसचं एक जास्तीचं कार्ट्रिज आहे.

---

कृष्णाकाठची

मंडळी, बारा दिवसांनी लिहितेय, कारण पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी कार्ट्रिज. अकरा काड्या लागल्या. पहिल्या चार अक्षरशः काजळासारख्या निघाल्या. त्यानंतर काळा पट्टा एकदाही आलेला नाही. प्रत्येक वेळी नाव खाली सरकतं आणि तो 'टिंग' वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा बाबा आतल्या खोलीत होते. तिथूनच "आला का?" म्हणून ओरडले.

मग रेघा. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून बसले. स्क्रू पडला तर दिसावा म्हणून. भाच्याने मोबाइलचा टॉर्च धरला, बाबा समोर खुर्चीत. ती रिबन सोडवताना माझे हात गार पडले होते. सोल्डरिंग गन पहिल्यांदा फिरवली तेव्हा काहीच झालं नाही, मी फार घाईने नेली. दुसऱ्यांदा रेशमी साडीच्या निऱ्यांवरून इस्त्री नेतो तशी नेली, हात हलका पण एका चालीने. पट्टीच्या डाव्या टोकाशी पहिली रेघ लुकलुकली, गेली, परत आली आणि राहिली. मग तिच्या शेजारची. पाच रेघा एका हातात आल्या. उरलेल्या दोन तिसऱ्या फेरीत. सात. बाबांनी स्वतः मोजल्या, बोटाने काचेला न लावता.

स्क्रीन बदलत नाही. हडसनकर, तुमचं ऊन कामी आलं. आमची गॅलरी पूर्वेला आहे. सकाळी आठ ते साडेनऊ ऊन डाव्या खांद्यावरून येतं. त्यात तो हिरवट स्क्रीन असा उठून दिसतो की नेटची जाळी मोजता येते. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी हा चोरून रात्री खेळलो, हा तर दिवसाचा खेळ आहे." मला वाटायचं ते आमची झोपमोड नको म्हणून रात्री खेळायचे. आता कळलं की कारकुनाने दिवसाढवळ्या मुलांच्या खेळण्याशी खेळावं हे त्यांना बरं वाटायचं नाही. माझ्या घशाशी आलं ते ऐकून. आता ते आठ वाजता खुर्ची स्वतः गॅलरीत नेतात आणि आवाजाची चकती पूर्ण वर असते. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कसला आवाज म्हणून विचारलं, त्यांना वर बोलावून दाखवलं.

बेसलाइन, तुमचा प्रतिसाद मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. सावलीचं ऐकून ते एकदम सरळ बसले. "बरोबर आहे, मी बॉलच बघत होतो," म्हणाले. पहिल्या तीन लेव्हल चार दिवसांत परत काढल्या. लॉब सोडायला तयार नाहीत, पण आता लॉब टाकून मधे येतात आणि संधी दिसली की नेटकडे जातात. पहिल्यांदा नेटवर पॉइंट घेतला तेव्हा माझ्याकडे वळून बघितलं.

चौथी लेव्हल अजून निघालेली नाही. काल ५-४ ला सर्व्हिस त्यांची होती. मी नवे सेल हातात घेऊन शेजारी उभी, लाल दिवा मात्र ठणठणीत होता. गेम ड्यूसला (४०-४० बरोबरीला) गेला, एक लॉब लांब पडला, पुढचा पॉइंटही गेला आणि शेवटी ५-७. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ऊन आहे अजून वीस मिनिटं," आणि स्टार्ट दाबलं.

हडसनकर, भाऊ गणपतीला येतोय. दुसरा गेमबॉय सोल्डरवाला दादा बघून देतायत. तुमचं कार्ट्रिज भावाच्या पत्त्यावर पाठवता येईल का? पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते. केबल घेताना पहिल्या मॉडेलची, मोठ्या पिनची, मागायची ना? तेवढं सांगा.